पाइप वाकवावा, चेपू नये
(वाफ्यावरील कमानी व वेलींचे मांडव यांसाठी लोखंडी पाइप वाकवण्याच्या रीती)



रेडिओवर ऐकलेली मापे संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाहीत, अशी श्रोत्यांची नेहमीची तक्रार असते. म्हणून पाइप वाकवण्याची सर्व माहिती या पत्रकात मापांसह दिली आहे. पत्रक घडी घालून खिशात ठेवा आणि काम करताना उघडून बघा.

मुरबे, नांदगाव, आलेवाडी या किनाऱ्याच्या पट्ट्यात भाताबरोबर मिरची, वांगी, टोमॅटो आणि वेलभाज्या होतात. पूर्वी मांडवाला आणि वाफ्यावरच्या कमानीला बांबू वापरत. आता बांबू महाग झाला, शिवाय जमिनीत पुरलेला भाग दोन पावसांत कुजतो. त्यामुळे बरेच जण लोखंडी पाइपकडे वळले. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर असल्याने नवा पाइप मिळतो, भंगारातलाही मिळतो. पाइप मिळण्याची अडचण नाही. अडचण आहे ती वाकवण्याची.

मुरब्याच्या बाजूला एका भाऊंनी आपल्या वाडीतल्या कमानी मला दाखवल्या. दोन पाइप त्यांनी नारळाच्या खोडाला टेकवून ओढले, ते मध्येच चेपले. म्हणून उरलेले पाइप भट्टीवर लाल करून वाकवले. पाइप जस्ताचे होते आणि भट्टी बंद पडवीत होती. पांढरा धूर झाला, पण काम पुरे झाले. रात्री भाऊंना हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांना वाटले हिवताप. रक्त तपासले, त्यात काही निघाले नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढच्या पावसाळ्यात कमानी नेमक्या वाकवलेल्या जागी गंजल्या आणि जोराच्या वाऱ्यात तिथेच दुमडल्या.

भाऊंनी कष्ट कमी घेतले नव्हते. दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या एवढेच. जस्ताच्या पाइपला आग दाखवायची नसते, आणि पाइप बळाने नव्हे तर मोठ्या गोलाईवर सावकाश वाकतो. या पत्रकाचे सार एवढेच आहे. बाकीचे सर्व त्याचा खुलासा आहे.

पाइप चेपतो का?

ओली भेंडी वाकवून बघा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि मधली पोकळी चपटी होते. पाइपचेही तसेच होते. बाहेरची भिंत ताणून पातळ होते, आतली भिंत दाबली जाते. गोलाई मोठी असेल तर हा ताण लांबवर वाटला जातो. गोलाई लहान असेल तर सगळा ताण एकाच जागी येतो, आतली भिंत दुमडते आणि पाइप चेपतो. पातळ भिंतीचा पाइप लवकर चेपतो, जाड भिंतीचा उशिरा.

चेपलेला पाइप त्या दिवशी काही बोलत नाही. कमान उभी राहते, कापडही बसते. पण गोल पाइपची ताकद त्याच्या गोलपणात असते. ज्या जागी तो चपटा झाला तिथे तो पहिल्या वादळात गुडघा टेकतो. दिनांक ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले निसर्ग वादळ आणि १७ मे २०२१ रोजी आपल्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलेले तौक्ते वादळ आपण सर्वांनी अनुभवले आहे. तौक्तेच्या वाऱ्याचा तडाखा पालघरच्या किनाऱ्यालाही बसला. किनाऱ्यावर शेती करणाऱ्याने कमान करताना वाऱ्याचा विचार आधी करावा आणि कापडाचा नंतर.

पाइप घेताना काय बघावे?

१) पाइपवरचा रंगीत पट्टा बघा. पिवळा पट्टा हलक्या वर्गाचा, निळा मध्यम वर्गाचा आणि लाल जड वर्गाचा. दुकानदार यांनाच ए, बी आणि सी क्लास म्हणतात. अर्ध्या इंची पाइपची भिंत हलक्या वर्गात २ मिलिमीटर, मध्यम वर्गात २.६ मिलिमीटर आणि जड वर्गात ३.२ मिलिमीटर असते. कमानीसाठी मध्यम वर्ग चांगला. तो वाकताना लवकर चेपत नाही आणि खारी हवा जास्त वर्षे सोसतो.

२) पट्टा पुसला असेल तर वजन करा. अर्ध्या इंची, २० फुटी पाइप हलक्या वर्गात साधारण पावणेसहा किलो आणि मध्यम वर्गात साधारण सव्वासात किलो भरतो. जस्तामुळे थोडे वजन वाढते, ते चालेल. यापेक्षा बराच कमी भरला तर भिंत पातळ आहे असे समजा.

३) अर्धा इंच, पाऊण इंच हे नाव पाइपच्या आतल्या भोकावरून पडलेले आहे. वाकवण्याच्या हिशेबाला बाहेरची जाडी धरतात. अर्ध्या इंची पाइपची बाहेरची जाडी सुमारे २१ मिलिमीटर, पाऊण इंचीची सुमारे २७ आणि एक इंचीची सुमारे ३४ मिलिमीटर असते.

४) भंगारातला पाइप स्वस्त पडतो, पण तो कोणत्या कारखान्यातून आला हे विचारा. तारापूर वसाहतीत रसायनांचे पुष्कळ कारखाने आहेत. रसायन वाहून नेलेल्या पाइपमध्ये आतून थर राहतो. असा पाइप तापवला किंवा गॅसने कापला तर विषारी वाफ निघू शकते, स्फोटही होऊ शकतो. पाण्याने धुतला म्हणजे तो निर्धोक झाला असे नाही. ज्याचा पूर्वीचा वापर ठाऊक नाही असा पाइप तापवू नये, आणि पिण्याच्या पाण्यासाठी तर कधीच वापरू नये.

गोलाई किती ठेवावी?

गोलाई मोजायची म्हणजे कमानीच्या मध्यबिंदूपासून पाइपपर्यंतचे अंतर मोजायचे. शाळेत त्यालाच त्रिज्या म्हणत. थंड पाइप वाकवताना साधा नियम असा धरावा: काळ्या पाइपची त्रिज्या बाहेरच्या जाडीच्या ६ पटींपेक्षा कमी नको आणि जस्ताच्या पाइपची ८ पटींपेक्षा कमी नको. जस्ताला जास्त गोलाई लागते, कारण लहान गोलाईवर जस्ताचा थर तडकतो आणि सुटतो.

जस्ताच्या पाइपची कमीत कमी त्रिज्या:
अर्धा इंची: १७ सेंटिमीटर (सुमारे ७ इंच)
पाऊण इंची: २२ सेंटिमीटर (सुमारे साडेआठ इंच)
एक इंची: २७ सेंटिमीटर (सुमारे पावणेअकरा इंच)

आता नारळाच्या खोडाची गोष्ट बघा. फूटभर जाडीच्या खोडाची त्रिज्या ६ इंच. अर्ध्या इंची पाइपलासुद्धा किमान ७ इंच हवेत. म्हणजे खोडाला टेकवून ओढलेला पाइप चेपला यात नवल नाही. शिवाय झाडाची साल सोलवटते ती वेगळीच.

पहिली रीत: थंड पाइप साच्यावर वाकवणे

आपल्या बहुतेक कामाला हीच रीत योग्य. आग नको, यंत्र नको, दोन माणसे पुरतात. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यावरील कमानीचे उदाहरण घेऊ. वाफा ३ फूट रुंद, कमान ४ फूट रुंद.

हिशेब असा: २० फुटी पाइप मधोमध कापा. १०-१० फुटांचे, म्हणजे १२० इंचांचे दोन तुकडे होतील. कमान ४ फूट रुंद म्हणजे त्रिज्या २४ इंच. अर्धगोलाची लांबी काढायला त्रिज्येला ३.१४ ने गुणा. २४ गुणिले ३.१४ म्हणजे सुमारे ७५ इंच. १२० मधून ७५ गेले, उरले ४५. म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे २२ इंचांचा सरळ पाय मिळतो. त्यातला १२ इंच जमिनीत, १० इंच वर. मध्यावर कमानीची उंची २४ अधिक १०, म्हणजे ३४ इंच भरते. रोपांना हवा खेळायला आणि हात घालायला एवढी उंची पुरते.

साचा असा करावा:

जाड प्लायवूडचे दोन तुकडे अर्धगोल कापून एकावर एक ठोका आणि खालच्या मोठ्या फळीवर पक्के बसवा. दोन्ही तुकड्यांची मिळून जाडी पाइपच्या जाडीपेक्षा जास्त हवी, म्हणजे पाइप वर सरकणार नाही. गोलाई खिळा, दोरी आणि खडू घेऊन आखावी. एका टोकाला साच्याच्या बाजूला सरळ ठोकळा मारा आणि त्याच्यासमोर, पाइप जेमतेम बसेल एवढी फट ठेवून, दुसरा ठोकळा मारा. या फटीत पाइपचा एक पाय अडकतो. घरी जुने बैलगाडीचे चाक पडून असेल तर तेही साचा म्हणून छान चालते. मात्र त्याची त्रिज्या मोजून घ्या आणि चाक जमिनीवर खुंट्या मारून पक्के करा.

साचा २४ इंचांचा करू नका. लोखंड ओढून सोडले की थोडे उलटे उघडते. २४ इंचांची कमान हवी तर साचा २२ इंच त्रिज्येचा करून सुरुवात करावी. एक कमान वाकवून बघावी. जास्त उघडली तर साचा किंचित लहान करावा, कमी उघडली तर साच्यावर पत्र्याची पट्टी ठोकून तो वाढवावा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: तोच पाइप जेवढ्या मोठ्या गोलाईवर वाकवाल तेवढा तो सोडल्यावर जास्त उघडतो. म्हणून लहान कमानीचा अंदाज मोठ्या कमानीला लावू नये.

वाकवण्याचा क्रम:

१) पाइपच्या मध्यावर, म्हणजे ५ फुटांवर खूण करा. मध्यापासून दोन्ही बाजूंना पावणेअडतीस इंचांवर खुणा करा. गोलाई या दोन खुणांच्या मध्येच घ्यायची, बाहेरचे पाय सरळ राहिले पाहिजेत.

२) पाइपवर लांबीने एक शिवण असते. बोट फिरवले की लागते, आतून तर नक्कीच दिसते. ही शिवण गोलाईच्या बाहेरही नको आणि आतही नको. साचा जमिनीवर आडवा असेल तर शिवण आकाशाकडे ठेवा. त्या जागी ताण सर्वांत कमी असतो, म्हणून शिवण उकलत नाही.

३) एक पाय फटीत अडकवा. दुसऱ्या टोकावर एक इंची पाइपचा ३-४ फुटी तुकडा चढवा. तोच तुमचा दांडा. दांडा लांब असेल तर बळ कमी लागते.

४) एका माणसाने अडकवलेला भाग दाबून धरावा, दुसऱ्याने दांडा सावकाश ओढावा. पाइप साच्याला टेकत टेकत पुढे गेला पाहिजे. झटका देऊ नये. हातोडा तर मुळीच मारू नये.

५) सोडतानाही सावकाश सोडावा. पाइप उलटा फिरतो आणि समोर माणूस असेल तर तोंडावर बसतो. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

६) जमिनीवर २४ इंच त्रिज्येची खडूची कमान आखून ठेवा. वाकवलेला प्रत्येक पाइप तिच्यावर ठेवून बघा. सर्व कमानी एकसारख्या असतील तरच वरचे कापड ताठ बसते आणि वाऱ्यात फडफडत नाही.

आपल्याकडे वारा असतो म्हणून दर ४ फुटांवर एक कमान घ्यावी. २० फूट लांबीच्या वाफ्याला ६ कमानी लागतील, म्हणजे २० फुटी ३ पाइप. कमानींच्या माथ्यावरून एक सरळ आडवा पाइप किंवा पक्का बांबू तारेने बांधला की सगळ्या कमानी एकमेकींना धरून राहतात. वरून पावसात प्लास्टिक घालता येते. पांढरी माशी मिरची-टोमॅटोच्या रोपांत चुरडामुरडा व पर्णगुच्छ असे विषाणूरोग पसरवते, तिला रोखायला ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी घालता येते. लोखंड तेच राहते, वरचे वस्त्र हंगामाप्रमाणे बदलते.

दुसरी रीत: रेती भरून वाकवणे

लहान गोलाई हवी असेल, किंवा पाइप पातळ असेल, तर आत रेती भरतात. रेती आतून भिंतीला आधार देते, त्यामुळे ती चपटी होत नाही. एका टोकाला लाकडी गुडदी ठोका, बारीक चाळलेली रेती थोडी थोडी भरा आणि पाइपवर लाकडाने ठोकत राहा, म्हणजे रेती खाली बसते. काठोकाठ भरली की दुसरी गुडदी ठोका आणि पाइप साच्यावर थंडच वाकवा. रेती सैल राहिली तर तिचा उपयोग नाही.

मुरब्याच्या किनाऱ्यावरची रेती यासाठी वापरू नका. ती फुकट आहे हे खरे, पण तिच्यात मीठ असते आणि ओलही असते. मीठ पाइपला आतून खाते, आणि आतला गंज दिसत नाही. नदीची रेती घ्या, कढईत भाजून कोरडी करा. काम झाल्यावर रेती पूर्ण काढून पाइप गोड्या पाण्याने धुवा.

तिसरी रीत: तापवून वाकवणे

ही रीत लोहाराची आहे आणि ती फक्त काळ्या पाइपसाठी आहे. जाड काळा पाइप लालबुंद केला की मऊ होतो आणि कमी बळात वाकतो. पण यात जिवाला धोका असतो, म्हणून पुढील गोष्टी नीट वाचा आणि घरात न वाचणाऱ्यांनाही सांगा.

१) जस्ताचा पाइप तापवू नये. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि सुमारे ९०७ अंशांना उकळते. तापल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. बहुधा एक-दोन दिवसांत हे उतरते. पण दम लागत असेल, छाती भरून येत असेल, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना धुराची गोष्ट आवर्जून सांगावी. डॉक्टरांना ते आपोआप कळणार नाही, ते हिवतापाचेच औषध बघतील. दूध प्यायले की धूर बाधत नाही असे पुष्कळ जण मानतात. ते खरे नाही. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात जातो.

२) चकाकणारा मुलामा जस्ताचाच असेल असेही नाही. कॅडमियम नावाच्या धातूचा मुलामा दिसायला जवळपास तसाच असतो आणि त्याचा धूर प्राण घेऊ शकतो. मुलामा कशाचा हे ठाऊक नसेल तर त्या पाइपला आग दाखवायची नाही.

३) रेती भरलेला पाइप दोन्ही टोके घट्ट बंद करून तापवू नये. रेतीत ओल राहिली तर तिची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या दीड हजार पटींहून अधिक जागा मागते. जागा मिळाली नाही तर गुडदी बंदुकीच्या गोळीसारखी उडते किंवा पाइप फाटतो. तापवायचेच असेल तर रेती पूर्ण भाजलेली हवी, गुडदीला वाफ जायला भोक हवे, आणि पाइपच्या टोकासमोर कोणी उभे राहू नये.

४) अॅल्युमिनियमची नळी तापवण्याच्या भानगडीत पडू नये. लोखंड लाल होऊन इशारा देते. अॅल्युमिनियम लाल न होता सुमारे ६६० अंशांना एकदम वितळून खाली येते.

५) तापलेला पाइप लाली गेल्यावरही बराच वेळ गरम असतो आणि दिसायला थंड पाइपसारखाच दिसतो. तो बाजूला ठेवून खडूने खूण करावी. भाजले तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावे. टूथपेस्ट, तेल, शाई काही लावू नये.

चौथी रीत: यंत्रावर वाकवून घेणे

एक इंची आणि त्याहून मोठा पाइप हाताने वाकवण्याचा हट्ट धरू नये. पालघर-बोईसरला फॅब्रिकेशनची दुकाने आहेत. हायड्रॉलिक बेंडरवर ४५ किंवा ९० अंशांचा कोन चांगला होतो. मोठी कमान मात्र तीन रोलरच्या यंत्रावर करून घ्यावी. त्यात पाइप पुढेमागे फिरवत हळूहळू गोल करतात, त्यामुळे गोलाई सगळीकडे सारखी येते.

आत उभे राहून काम करण्याजोगी १० फूट रुंद कमान हवी असेल तर एक इंची, २० फुटी अखंड पाइप लागतो. त्रिज्या ५ फूट, गोलाईला पावणेसोळा फूट जातात आणि प्रत्येक पायाला २ फूट दीड इंचाहून थोडा जास्त उरतो. त्यातला दीड फूट जमिनीत गेला तर मध्यावर सुमारे ५ फूट ८ इंच उंची मिळते.

दुकानात जाताना कागदावर लिहून न्या: पाइपचे माप व वर्ग, त्रिज्या किती, ती पाइपच्या आतल्या कडेपर्यंत की मध्यापर्यंत, कोन किती, सरळ पाय किती. त्रिज्या कुठपर्यंत मोजली हे सांगायचे राहिले की वाद होतो. बेंडरचा साचा त्याच मापाच्या पाइपचा आहे ना, हे बघा. मोठ्या खोबणीत लहान पाइप घातला तर तो चपटा होतो. आधी एकच पाइप वाकवून घ्या, मोजा, मगच बाकीचे सांगा.

पंपाच्या पाइपबाबत एक सूचना. दोन इंची पाइप घरी वाकवू नये. दुकानात काटकोनी एल्बो मिळतो, तसाच लांब गोलाईचा तयार बेंडही मिळतो. शक्य तिथे बेंड घ्यावा. एल्बोत पाणी आदळते, बेंडमध्ये वळते, म्हणून पंपावर भार कमी येतो. लहान पाइप वाकवताना आट्यांपासून वीतभर जागा सरळ सोडावी, नाहीतर आटे तडकून पाणी गळते.

खाऱ्या हवेसाठी

आपल्या गावात वाऱ्याबरोबर समुद्राचे मीठ येते. ते सर्वांत आधी वाकवलेल्या जागी बसते, कारण तिथे जस्त ताणलेले असते. म्हणून वाकवून झाल्यावर बाहेरची बाजू भिंगाने किंवा निदान उन्हात धरून बघा. बारीक भेगा दिसल्या तर तारेच्या ब्रशने घासून झिंक प्रायमरचे दोन हात द्या आणि वरून तेलरंग. कापलेल्या टोकांनाही तेच करा. पाय जमिनीत जातो तिथे वर-खाली वीतभर डांबरी रंग द्या, कारण गंज माती आणि हवा यांच्या सांध्यावर सर्वांत लवकर लागतो.

उन्हात पाइप तापतो आणि त्याला टेकलेले प्लास्टिक तिथेच आधी फाटते. कमानीवर जुन्या पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळली तर प्लास्टिक जास्त टिकते. वादळाची सूचना रेडिओवर ऐकली की प्लास्टिक आणि जाळी आधी उतरवा. कापड नसलेल्या कमानीतून वारा निघून जातो. कापड असलेली कमान शिडासारखी उडते, हे किनाऱ्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

विजेची तार

शेवटी एक गोष्ट, जी पाइप वाकवण्याआधीच सांभाळायची आहे. २० फुटी पाइप उभा धरला की वाडीवरून गेलेल्या विजेच्या तारेला लागू शकतो. पाइप नेहमी आडवा न्यावा, दोघांनी दोन टोके धरून. साचा तारेखाली मांडू नये. कमान उभी करताना आधी वर बघावे, मग पाइप उचलावा. अशा चुकीला दुसरी संधी नसते.

थोडक्यात आठवण

१) जस्ताचा पाइप थंडच वाकवावा. आग फक्त काळ्या पाइपला, तीही उघड्यावर आणि जाणत्या माणसाच्या हातून.
२) जस्ताच्या पाइपची त्रिज्या जाडीच्या ८ पट किंवा अधिक.
३) साचा हव्या त्या गोलाईपेक्षा लहान, आणि पहिली कमान नेहमी परीक्षेची.
४) शिवण बाजूला, ओढ सावकाश, हातोडा दूर.
५) रेती नदीची आणि भाजलेली. बंद पाइप तापवायचा नाही.
६) चेपलेला पाइप कमानीत घालू नये. तो भाग कापून टाकावा आणि उरलेले सरळ तुकडे खुंट्यांना किंवा आडव्या बांधणीला वापरावे.

बंधू-भगिनींनो, सहा कमानींचे काम दोन माणसांचे एका सकाळचे आहे. घाई केली तर तेच काम दर पावसाळ्यात पुन्हा करावे लागते. हंगाम सुरू होण्यापूर्वी, उन्हे आहेत तोवर साचा तयार करा. एका वाडीत केलेला साचा शेजारच्या वाडीलाही उपयोगी पडतो, म्हणून चार घरांनी मिळून एकच केला तरी चालेल. आपल्या कमानी कशा झाल्या, कुठे अडचण आली, ते कार्यक्रमाला पत्र लिहून जरूर कळवा. तुमच्या अडचणीत दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याचे उत्तर दडलेले असते.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी